मिसबाईचं पान

६ डिसेंबर १९५०, औरंगाबाद

पोचलो एकदाचा! मिरजेहून निघून तिसऱ्या दिवशी. मनमाडला मोठी गाडी सोडून छोट्या लाईनीच्या डब्यात बसलो आणि उतरलो तेव्हा अंगावर इतका कोळसा होता की बायकोने, मार्थानेही, ओळखलं नसतं. टांगेवाल्याने आधी विचारलं, भाडं निजामाच्या हाली शिक्क्यात देणार की हिंदुस्थानी कलदार. म्हटलं, अरे, पोलीस ॲक्शन होऊन दोन वर्षं झाली, तुमचे जुने पैसे अजून फिरतायत? तो म्हणाला, साब, बादशाही एक दिन में जाती है, सिक्का धीरे धीरे जाता है. माणूस हुशार. मी कलदारच दिले.

मुक्काम छावणीत, एका जुन्या बंगल्यात. उंच छत, रुंद व्हरांडा, अंगणात एक चिंच आणि एक सुरूचं झाड. बंगला आप्पासाहेबांनी घेतलाय. ते देवगाव रंगारीचे मोठे जमीनदार. बैठकीच्या खोलीत एक विलायती पायपेटी पडून आहे, ती बोलती करायची, एवढं माझं काम. पंधरा दिवसांत उरकतं. वीस तारखेला निघालो की नाताळाच्या आत घरी.

जायलाच हवं. सुवार्ता या नाताळला चर्चमध्ये पहिल्यांदा एकटी गाणार आहे आणि पेटीवर मी बसणार, असं ठरलंय. आठ वर्षांची पोर, पण स्टेशनवर मला दम दिला की बाबा, तुम्ही नसाल तर मी तोंडच उघडणार नाही.

७ डिसेंबर

पायपेटी उघडली. काय माल आहे! स्कॉटलंडची. भाता उंदरांनी खाल्लाय, पण लाकूड अजून खणखणीत. टिचकी मारली की कळतं. मिशनच्या बोर्डिंगात पोरकं पोर म्हणून वाढलो तेव्हा शिकवायला कुणी नव्हतं. खिडकीबाहेर उभा राहून पेट्या ऐकल्या, त्यावर आजवर भाकरी खातोय. डोळ्यांनी मी कधीमधी फसतो, कानांनी नाही.

सगळे सूर धुळीने दबलेत. पाचवी काळी पट्टी, काळी पाच, मात्र अगदी मुकी. आत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं. ते खरवडलं, तिचा पितळी सूर, आवाज देणारी ती पात, खोबणीतून काढून पत्र्याच्या डबीत ठेवला. सवडीने घासेन.

इथे दगडाबाई आहे. साठीची, काटक, आप्पासाहेबांच्याच गावची. स्वयंपाक, झाडलोट, राखण सगळं तीच करते. मला मास्तर म्हणते. पहिल्याच जेवणात भाकरीबरोबर लसणाचा ठेचा दिला. मी तिसरी भाकरी मागितली तेव्हा म्हणाली, खा, खा, मास्तर, या घरात लई दिसांनी कुनी मागून खायलंय.

९ डिसेंबर

एक गोष्ट मनात सारखी घोळतेय. आप्पासाहेब काल येऊन गेले. साधा, मोकळा माणूस. पायपेटीकडे पाहिलंसुद्धा नाही. घरात गाणारं कुणी नाही, विकायचीही नाही म्हणाले. मग शेतकरी माणूस एवढ्या लांबून कारागीर का बोलावतो? गिऱ्हाईक कारण सांगत नाही तेव्हा कारण चांगलं नसतं, हा माझा अनुभव.

दगडाबाईला खोदून विचारलं. आधी भांडी घासत बसली, मग सांगितलं. इथे मिस ड्रमंड नावाच्या बाई राहायच्या. मुलींना शिवण आणि गाणं शिकवायच्या. तीस वर्षं काढली इथे. दरसाल ट्रंक भरायच्या की आता घरी जाते, आणि दरसाल काहीतरी आडवं यायचं. आधी लढाई, मग पाय अधू झाला. नाताळाच्या दुपारी लोकरी कोट, हातमोजे घालून उन्हात जेवायला बसायच्या. घाम गळायचा, पण कोट काढायच्या नाहीत. शहागंजातल्या पिंजाऱ्याकडून कापूस आणून सुरूच्या झाडावर पसरायच्या. बर्फ म्हणून. नाताळ झाला की त्याच कापसाची दगडाबाईला गोधडी.

छावणीतले साहेबलोक गेले आणि जेवायला येणारं कुणी उरलं नाही. सत्तेचाळीसच्या नाताळला बाईंनी दोघांचं टेबल मांडलं. दगडाबाई लेकीच्या बाळंतपणाला गावी गेली होती. परत आली तेव्हा बाई कोट घालून खुर्चीतच होत्या. समोरची ताटली कोरी.

ऐकून वाईट वाटलं. मीही बोर्डिंगात नाताळच्या दिवशी फाटकाकडे बघत बसायचो. कुणीच यायचं नसतं, तरी बघायचं.

११ डिसेंबर

भाता नवा बसवला. चामडं शहागंजातून आणलं. बाजार काय गजबजलेला! अत्तरवाले, तांबट, मधेच टॉवरच्या घड्याळाचे ठोके. वारा तिकडचा असला तर ते ठोके मला इथे छावणीतही ऐकू येतात. दगडाबाईला खोटं वाटतं.

थंडीचा महिना, पण दुपारी बारानंतर ऊन चांगलं चटकतं आणि सगळीकडे सामसूम होते. अशा वेळी घर फार आठवतं.

आज दुपारी व्हरांड्यात पट्ट्या घासत होतो. आतून काळी पाच ऐकू आली. लांब, एकसारखी, किंचित उतरलेली. म्हटलं, खिडकीच्या फटीतून वारा. मग लक्षात आलं, तो सूर माझ्या पैरणीच्या खिशात, डबीत आहे.

डबी उघडून पाहिली. होता. थंडगार होता.

१३ डिसेंबर

रोज दुपारी तेच. एक सूर, मग थांबतो. कुणीतरी पेटी सुरू करून गाणाऱ्याची वाट बघावी तसा.

आप्पासाहेबांचं कारणही कळलं. बंगल्यात भाडेकरू टिकत नाहीत. दगडाबाईने त्यांना सांगितलं, बाईची काहीतरी इच्छा राहिलीय. डिसेंबर लागला की ती रोज दुपारी व्हरांड्याच्या पायरीवर मिसबाईचं पान वाढते. लोणी-पाव, उकडलेला बटाटा, वर बेसनाची वडी. मागे सरते आणि कावळ्याला हाक मारते. तिसरं वर्ष आहे. कावळा शिवत नाही. चिंचेवर दहा-बारा बसतात, बघतात, उडून जातात. थडग्याला चुना लावते म्हणाली, नाही शिवला. तुझी ट्रंक बोटीने धाडते म्हणाली, नाही. आता पायपेटीची पाळी.

मला हसू आलं. स्कॉटलंडच्या बाईला कावळा! पण आमच्याही घराण्यात, ऐकून आहे, आजोबांपर्यंत कावळ्याला हाक मारत होतेच. बाप्तिस्मा माणसांचा झाला, कावळ्यांचा कुठे झालाय.

१५ डिसेंबर

पायपेटी बोलली! काळी पाच सोडून सगळे सूर लागले. ती उद्या बसवली की झालं. तपासायला म्हणून सुवार्ताचं गाणं वाजवलं. तिचा वरचा सूर नेहमी जरासा चढतो, तिथे मी तिला पेटीने सांभाळून घेतो, तेही हाताला आपोआप आलं. दगडाबाई दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, लेकीचं गानं व्हय? म्हटलं, व्हय.

दुपारी तिने पान वाढलं. मी व्हरांड्यातच होतो. तिने हात जोडले, बाई, पेटी नीट झाली बगा, मास्तर लई लांबून आलेत, आता तरी शिवा. कावळे बसले होते तसेच. तिचा चेहरा इतका पडला की मला राहवलं नाही. गमतीत उठलो, छातीवर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणालो, मिससाहेब, चिंता सोडा, या नाताळला मी बसतो तुमच्या टेबलावर, एकट्यानं जेवू देणार नाही.

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा उतरला. वडी उचलली. मग दुसरा, तिसरा. ताटली टोचून टोचून स्वच्छ केली, आणि एकानेही आवाज केला नाही. इतके कावळे आणि काव नाही.

मला वाटलं दगडाबाई खूश होईल. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, मास्तर, तुमी तर घरी जानार व्हते ना? मी म्हटलं, अहो, थट्टा केली. ती म्हणाली, तसल्याची थट्टा करत नसत्यात, शबुद माघारी घ्या. मी कावळ्यांना ऐकू जाईल असा माघारीही घेतला. पण शिवलेलं पान माघारी कसं घेतात, ते तिलाही ठाऊक नाही.

तोड काढली आहे. व्यवहाराने घ्यावं. एकोणीस तारखेला बाईंच्या टेबलावर बसून नीट जेवेन, दोन गाणी वाजवेन, हिशेब मिटला. वीसला गाडी.

१६ डिसेंबर

सकाळी काळी पाच बसवायला घेतली. खोबणीत सूर आधीच होता. डबी रिकामी.

जेवणानंतर भर उन्हात हुडहुडी भरली. व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत टेकलो. डोळा लागता लागता कुणीतरी गुडघ्यांवर लोकरी काहीतरी घातलं, डांबरगोळीचा वास आला. दगडाबाई असणार. भली बाई. वर्षानुवर्षांत झोपलो नव्हतो असा झोपलो.

जागा झालो तेव्हा ती समोर उभी होती. पदर तोंडात कोंबलेला. मी काय झालं विचारलं तर पळत गेली. गोधडी म्हणावी, तर गुडघ्यांवर काहीच नव्हतं.

१७ डिसेंबर

कानांना दडे बसलेत. सर्दी उतरली असेल. शहागंजचे ठोके नाहीत, टांग्यांच्या घंटा नाहीत. पहाटेची अजान रोज मला उठवते, आज नाही.

घरात माणसं. आप्पासाहेब आले, चर्चचे पाळकसाहेब आले, आणखी काही. मी नमस्कार केला, कुणी घेतला नाही. कामाच्या वेळी झोपलो म्हणून राग आला असावा. एवढा? चौघांनी एक लांबडं खोकं माझ्या खोलीतून उचलून बाहेर नेलं. आप्पासाहेबांनी डोक्यावरचं पागोटं काढून हातात धरलं होतं. दगडाबाई रडत होती. तिच्या गावी कुणी गेलं वाटतं.

कुणी सांगितलं नाही काय ते. मीही विचारलं नाही.

१८ डिसेंबर

दगडाबाई चुलीपाशी काहीतरी बडबडते, ओठ हलताना दिसतात. ऐकू येत नाही. लसूण घालून तेल कोमट करा म्हणालो, कानात घालायला. तिने मान वर केली नाही. माझं ताट मांडलं नाही. भूकही नाही, पण मांडायला हवं होतं.

माझी हत्यारं, बिछाना, पेटारा कुणी बांधून ठेवलाय. मला न विचारता.

बाहेरचं काहीच ऐकू येत नाही. घरातलं सगळं येतं. भात्याचा श्वास. बैठकीतल्या खुर्चीची कुरकुर. ट्रंकेचं झाकण उघडतं, मिटतं.

२० डिसेंबर

काल बाईंच्या टेबलावर बसलो. ठरलं तसं. समोरची खुर्ची किंचित मागे सरली, आणि कुणीतरी बसल्यावर वेत वाजतो तसा वाजला. मी बोललो, हसलो, दोन गाणी वाजवली. म्हणालो, मिससाहेब, आता रजा द्या, पोर वाट बघतेय.

पायपेटीने काळी पाच धरली. सोडलीच नाही.

आज निघालो. रिकाम्या हाताने. टांगा थांबला नाही, हात केला तरी. चालत स्टेशन गाठलं. डब्यात जागा मिळाली, खिडकीची. एका म्हाताऱ्याने आपलं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. मांडीला वजन लागलं नाही. गार्डाने हिरवा बावटा दाखवला. गाडी हलली—

व्हरांडा. वेताची खुर्ची. दुपार.

२१ डिसेंबर

पुन्हा गेलो. मनमाडच्या वाटेने चालत. पहिल्या वळणावर—

खुर्ची.

पायांना धूळसुद्धा नाही.

२३ डिसेंबर

सुरूच्या झाडावर कापूस आहे. पसरलेला, नीट, फांदीफांदीवर. दगडाबाई आली, पाहून तिथेच खाली बसली. तिने केलेलं नाही मग. आप्पासाहेबांचा गडी कुंपणापाशी थांबला, आत आला नाही.

उन्हात कापूस असा चमकतो की डोळे दिपतात. खरं सांगायचं तर सुरेख दिसतं. हे सांगायला कुणी नाही. मार्था आता करंज्या करत असेल. सुवा मधेच सारण खात असेल.

मी हाका मारतो. माझी हाक मला ऐकू येते, बाकी कुणाला नाही. बोर्डिंगातल्या फाटकाशी असंच व्हायचं. पण तिथे निदान फाटक होतं.

२४ डिसेंबर

आतून माझ्या लेकीचं गाणं. सुरुवातीचे सूर, पुन्हा पुन्हा. मी एकदाच वाजवलं होतं. तेवढ्यात उचललं बाईंनी. कान चांगला आहे.

वरच्या सुरापाशी जरा थांबतात, सांभाळून घ्यायला. मी थांबायचो तिथेच.

टेबलावर दोन ताटल्या होत्या. आज तीन. पायपेटीशेजारी एक स्टूल. लहान. आठ वर्षांच्या मुलीचे पाय जमिनीला टेकतील एवढं.

नाही—

२५ डिसेंबर

दुपार. मी खुर्चीत. दगडाबाई पायरीवर आली. आज दोन पानं. एक मिसबाईचं, ते कावळ्यांनी लगेच शिवलं. दुसऱ्यावर भाकरी. लसणाचा ठेचा.

तिने त्या पानाकडे हात जोडले, ओठ हलले, आणि मला ऐकू आलं. इतक्या दिवसांनी माणसाचा आवाज. रडूच आलं.

म्हणाली, मास्तर, आज तुमचा दहावा. तुमच्यात करत नसत्यात, पन मला ऱ्हावलं नाय.

दहावा. म्हणजे ज्या दुपारी मी झोपलो—

कावळे चिंचेवर. बघतायत. म्हणाली, पेटी वाजवायला मानूस आनू. नाही शिवले. हत्यारं मिरजेला धाडली बगा आप्पासाहेबांनी. नाही. तुमच्या मातीवर दगड बसवू, नाव घालू. नाही.

कशाला थांबता आहात. भरलंय माझं पोट.

ती कपाळाला हात लावून बसली. मग मान वर केली. व्हय की, म्हणाली. लेक.

नको. बाई, नको. ओरडतोय, घसा फुटेपर्यंत. तिला नाही ऐकू येत. भली बाई. डोळे पुसतेय. भल्यासाठीच बोलतेय—

म्हणून लिहितोय. लिहिलं की मन दुसरीकडे जातं. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन— इच्छा धरायची नाही, धरली तर कावळा शिवेल. मला तिला बघायचं नाही. तिचं गाणं ऐकायचं नाही. वरचा सूर चढेल तेव्हा कोण सांभाळेल याच्याशी मला काही— पांढरी तीन, काळी तीन—

म्हणाली, मास्तर, तुमच्या लेकीला पुढल्या नाताळला हितं आनते, तुमच्यापाशी, याच घरात बसून गाईल ती—

आत पेटी सुरू झाली. सुरुवातीचे सूर. थांबली. वाट बघतेय.

एक कावळा उतरला. पायरीवर. मान वाकडी करून माझ्याकडे— पानाकडे नाही, माझ्याकडे बघतोय.

मला काही नको. तृप्त आहे मी. मला ती नको आहे, ऐक, मला माझी सुवा न